हिरव्या कणांवरून झालेलं भांडण

फिलू,

तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला, चर्चमधल्या त्या प्रार्थनेला, मी मागच्या बाकावर बसले होते. सगळे उभे राहिले की उभी राहायचे, सगळ्यांनी गुडघे टेकले की नुसती मान खाली घालायचे. लहानपणी नाताळात तुझ्याबरोबर देवळात यायचे तेव्हा तू कोपरानं ढोसून सांगायचीस, आता ऊठ, आता बस. त्या दिवशी ढोसायला कुणी नव्हतं. दोनदा चुकले. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं वळून पाहिलं, आणि मग ओळख पटल्यावर हळूच मान हलवली.

मिस्सा संपल्यावर तुझी आई मला हाताला धरून घरी घेऊन गेली. ओटीवर बसवलं. आतून तुझी ती लाकडी पेटी छातीशी धरून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तू ने, कुसुम. माज्या घरात आता ही कोन उघडनार?"

"मावशी, मला त्यातलं काय कळतं?"

"तिला तरी पयल्या दिवशी काय कळत होतं?" असं म्हणून ती तोंड फिरवून कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दारी गेली.

पेटीत तुझा पितळी सूक्ष्मदर्शक होता. ती मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक.

तुला जाऊन आज तीन आठवडे झाले. शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. जन्म कधीचा, शिक्षण काय, पापडी गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी वगैरे. मी लिहायला बसले आणि उठले. ते ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, तेही मिटवायचं आहे. आणि या तीन आठवड्यांत शाळेत जे झालं ते तुला कळायला हवं.

तुमची केळीची वाडी आणि आमचा पानवेलींचा मळा यांच्यामध्ये एकच बावखल. पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि उन्हाळाभर दोन्ही वाड्या जगवायच्या, एवढं त्या तळ्याचं काम. आपण दहा-अकरा वर्षांच्या असू. मी काठावर बसून ओल्या मातीत काडीनं फुलं काढत होते आणि तू पोटावर पालथी पडून पाण्यात बघत होतीस. पाण्याखाली बारीक हिरव्या पानांची ती लांबट वनस्पती, आपण तिला नुसतं शेवाळ म्हणायचो. दुपारच्या उन्हात तिच्या काड्यांमधून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. तू उठलीस, केळीचं एक पान तोडून आणलंस आणि त्याची सावली पाण्यावर धरलीस.

"कुसू, बघ बघ, थांबले!"

"खाली मासा असेल. गेला असेल निघून."

"मग आता बघ हां." तू पान बाजूला केलंस. ऊन पाण्यावर पडलं आणि थोड्या वेळानं बुडबुडे पुन्हा सुरू झाले. "मासा काय माझ्या पानाची वाट बघत बसलाय?"

दहा वेळा तरी ते पान तू धरलंस आणि काढलंस. तुझे बाबा हाका मारून थकले. चांगलं कोवळं पान तोडलं म्हणून घरी गेल्यावर तुला बोलणी बसली. मला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. मी माझी फुलं काढत राहिले. हे मी तुला पुढे कधी कबूल केलं नाही, पण तुझ्यातलं आणि माझ्यातलं अंतर त्या दुपारीच दिसलं होतं. तुला कारण हवं असायचं. मला आकार पुरायचा.

मॅट्रिक आपण दोघींनी एकदमच केली. तुझ्या बाबांनी केळीच्या पानांचा भारा बांधता बांधता सांगून टाकलं, जा, शीक. माझे वडील म्हणाले, "मुलीनं मॅट्रिक केलं, पुष्कळ झालं." तू मुंबईला नन्सच्या वसतिगृहात राहायला गेलीस. मी घरी बसून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. तुझी पत्रं यायची, दर पंधरा दिवसांनी एक. समासात बेडकाचं हृदय, फुलाचा उभा छेद, असलं काहीतरी काढलेलं असायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, "तू असतीस तर हे नीट काढलं असतंस." वर्षभर मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. तू कधी कारण विचारलं नाहीस. आता सांगते. मला तुझा हेवा वाटत होता. तुझ्या त्या ओळीनं तर तो आणखी वाढायचा, कारण ते खरं होतं, मी ते नीट काढलं असतं, आणि मी तिथे नव्हते.

पदवी घेऊन तू परत आलीस. तुझ्या कॉलेजातल्या सरांनी तुला तिथल्या प्रयोगशाळेतच थांबायला सांगितलं होतं, हे मला तुझ्या आईकडून कळलं. लकव्यानं बाबांचा डावा हात आणि पाय गेला होता, वाडी बघायला कुणी नव्हतं, म्हणून तू आलीस. ज्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होते तिथेच विज्ञान शिकवायला लागलीस. परत आल्याचं तुला वाईट वाटत होतं का ग? इतकी वर्षं रोज एकत्र डबा खाल्ला आणि एवढं एक विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मुळा संपव आधी." पण विचारायला हवं होतं.

आपल्या विज्ञानाच्या खोलीत तेव्हा एक कपाट, एक टेबल आणि सरांनी कॉलेजातून दिलेला हा जुना सूक्ष्मदर्शक, एवढंच होतं. पहिल्याच वर्षी तू मला म्हणालीस, पानाच्या पेशीचा मोठा तक्ता हवाय, मागच्या बाकावरून दिसेल असा. मी दोन आठवडे खपून मांजरपाटावर तो रंगवला. पेशीला फिकट हिरवा रंग, त्यात गडद हिरवे कण, एकसारख्या अंतरावर. कडेनं पानवेलीची नक्षी. तू बराच वेळ बघत राहिलीस.

"सुंदर आहे."

"मग?"

"खोटं आहे."

तू समजावून सांगायला लागलीस. "पेशी हिरवी नसते, कुसू. हिरवे असतात ते फक्त हे कण. बाकीचं सगळं पाण्यासारखं, आरपार दिसेल असं."

"मग पान हिरवं कसं दिसतं?"

"ह्यांच्यामुळेच. एका पानात इतके असतात की आपल्याला सगळं पानच हिरवं वाटतं."

"मी पुस्तकातल्या चित्रात असंच पाहिलं."

"ते काढणाऱ्यानंही पुस्तकातच पाहिलं असेल."

मला राग आला. कापडाची गुंडाळी करत मी म्हटलं, "तू शिकलेली, तुला दिसतं. आम्हाला नाही दिसत." तू सहसा चिडायची नाहीस, पण त्या दिवशी चिडलीस. "डोळे मलाही दोनच आहेत. उद्यापासून शाळा भरायच्या आधी अर्धा तास ये."

मी आले ती रागानंच आले. पहिले काही दिवस मला भिंगातून माझ्याच पापणीचे केस दिसले. मग एक सुरेख काळं वर्तुळ दिसलं, ते मी मन लावून कागदावर उतरवलं. तू बघून हसत सुटलीस. "हा हवेचा बुडबुडा आहे. पण काढलायस मात्र देखणा." मी उठून जाणार होते. तू खांदा दाबून मला पुन्हा बसवलंस. खालचा आरसा खिडकीकडे वळवलास आणि बावखलातल्या त्याच शेवाळाचं नवं पान पाण्याच्या थेंबात ठेवलंस.

आणि मग दिसलं. विटा रचाव्यात तशा लांबट पेशी, एकीला लागून एक, स्वच्छ काचेसारख्या. त्यांच्या कडेकडेनं हिरवे कण. आणि ते चालत होते! भिंतीला धरून, एकामागून एक, सावकाश. कोपऱ्यावर आले की वळत होते आणि दुसऱ्या बाजूनं परत येत होते. मी श्वास रोखून धरला होता, कारण भिंगावर वाफ येते हे तू सांगितलं होतंस.

"फिलू, हे जिवंत आहेत!"

"पेशी जिवंत आहे. तिच्या आतला रस फिरतोय, त्याच्याबरोबर तेही फिरतात."

"आणि काम काय करतात?"

तू खुर्ची ओढून शेजारी बसलीस. तुझा तो आवाज मला आठवतो, वर्गातला नव्हे, ओटीवरचा. "उजेड पडला की हवेतला कर्बवायू आणि मुळांनी आणलेलं पाणी घ्यायचं आणि साखर करायची. पुस्तकात ह्याला कर्बग्रहण म्हणतात. पान अन्न तयार करतं हे सगळेच सांगतात. पानात कुठे, ते कुणी सांगत नाही. इथे. ह्या कणांत. त्यांच्या बाहेर नाही."

"म्हणजे भात, केळी, आमच्या मळ्यातलं पान..."

"आणि पाचूबंदरचे मासेसुद्धा. मोठा मासा लहान मासा खातो, लहान काय खातो, असं मागे मागे जात राहा. शेवटी इथेच येशील."

मी तक्ता नव्यानं रंगवला. पेशी कोऱ्या ठेवल्या, कण जसे दिसले तसे काढले, कुठे दाटीवाटीनं, कुठे एकटे. नक्षी काढली नाही. आमच्या घरी जेवताना मी भाताकडे बघत बसायला लागले तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, खडा लागला का?"

भांडण सुरू झालं ते यानंतर. मी तुला विचारलं, हा कण पेशीतून बाहेर काढला तर? तू ताबडतोब म्हणालीस, "तर तो एकटाही काम करेल, असं मला वाटतं."

"अगं, हात तोडून पाटावर ठेवला तर तो भाकरी थापेल का?"

"कण म्हणजे हात नव्हे."

"मग काय आहे?"

"माहीत नाही. म्हणून तर बघायचंय."

वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो. शिक्षकांच्या खोलीत, बाजारात, तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर केळीच्या पानावर जेवता जेवता. माझं म्हणणं, जीव हा अख्ख्याचा असतो, तुकड्याचा नसतो. तुझं म्हणणं, जीवाचं काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं आणि कुठलं काम कुठे चालतं ते शोधता येतं. मला वाटायचं तू देव मानणाऱ्या पोरीसारखी बोलत नाहीस. तुला वाटायचं मी चित्रकारासारखी बोलते. दोघींनी ते एकमेकींना सांगितलंही.

मग तू सरांकडून एक निळी भुकटी आणलीस. कण खरंच काम करत असतील तर उजेडात तिचा निळा रंग जाईल, अंधारात राहील, असं तू समजावलंस. पालकाची पानं आमच्या मळ्याच्या कडेची, खल आमच्या घरचा. पहिल्या दिवशी तू तो परत पाठवलास, लसणीचा वास येतो म्हणून. तीनदा प्रयोग फसला. पानं कुटताना गरम होतात आणि कण मरतात, हे तुझ्या लक्षात आलं. बर्फ हवा होता. आपण दोघी मासळीबाजारात जनाबाई कोळिणीकडे गेलो. ती टोपलीवरचा भुसा बाजूला सारत म्हणाली, "मावरं ठेवाला बरफ लागते गो बाय, पाल्याला कशाला? घ्या. आन बेगीन जा, वाटंत पानी होईल."

आपण शाळेपर्यंत अक्षरशः धावलो. साड्या खोचलेल्या, हातात गळतं गाठोडं. वर्गातल्या मुली खिडकीत येऊन बघत होत्या. बर्फात ठेवलेल्या खलात, कण फुटू नयेत म्हणून गार साखरपाणी घालून, तू पानं कुटलीस, माझ्या दादाच्या धोतराच्या तुकड्यातून गाळलीस, दोन नळ्यांत ओतलीस. दोन्हींत तो निळा रंग टाकलास. एकीला माझ्याकडचा काळा कागद गुंडाळला. दुसरी खिडकीशी, गार पाण्याच्या पेल्यात. आपण बघत उभ्या राहिलो. आधी काहीच नाही. मग उजेडातल्या नळीतली निळाई जरा पातळ झाली असं मला वाटलं. आणखी थोड्या वेळानं ती साफ गेली, नुसता हिरवा रस उरला. तू काळा कागद सोडलास. त्या नळीत निळं तसंच.

तू ओरडली नाहीस, टाळी वाजवली नाहीस. भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसलीस आणि पाणी मागितलंस. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "रंग उडाला म्हणजे साखर झाली का?"

तू वर बघितलंस. थकलेली होतीस, पण हसत होतीस. "नाही. अर्धंच काम झालं. उजेड त्यांनी धरला, एवढं कळलं. साखर नाही."

"म्हणजे मी हरले नाही."

"जिंकलीही नाहीस."

फिलू, त्या दिवशी मी तुला शाबास म्हणायला हवं होतं. गावातली एक खोली, मासळीबाजारातला बर्फ, लसणीचा खल, आणि तू मोठमोठ्या प्रयोगशाळांत करतात ते करून दाखवलंस. माझे डोळे भरून आले होते, ते लपवायला मी नळ्या धुवायला घेतल्या. तुला वाटलं असेल मी रुसले.

यंदा भातकापणीच्या सुमारास तुला मुदतीचा ताप आला. दोन आठवडे उतरला नाही. मी शाळा सुटली की यायचे, तुझ्या आईला जरा पाठ टेकू द्यायचे. एका संध्याकाळी तू उशीखालून सरांचं पत्र काढलंस. वाचायला मला दिलं नाहीस, स्वतःच सांगायला लागलीस. ओठ सुकले होते, शब्द तुटत होते. परदेशात कुणी तरी करून दाखवलंय. पेशीबाहेर. नुसत्या कणांनी. सगळं काम, अगदी शेवटपर्यंत.

"साखरेपर्यंत, कुसू."

मी कपाळावरची पट्टी बदलली. "आधी बरी हो. मग भांडू."

"आता भांडायला काय उरलंय?"

"खूप उरलंय."

तू डोळे मिटून हसलीस. तुला वाटलं असेल, ही अजून हट्टालाच पेटलीय. तसं नव्हतं ग. भांडण मिटवलं नाही तर तू जाणार नाहीस, असं काहीतरी माझ्या मनानं धरलं होतं. मी मान्य करायचं आणि तू निवांत व्हायचंस, हे मला नको होतं. चौथ्या दिवशी सकाळी तुझा धाकटा भाऊ आमच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. त्याला बोलावं लागलं नाही.

तर आता ऐक. तू बरोबर होतीस. मी चुकले होते. कण एकटे काम करतात. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, तुझ्या कानांना ऐकू येत होतं तेव्हा.

आता पुढचं. तू गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, विज्ञानाला शिक्षिका नाही, वर्षाच्या मध्यात मिळणार नाही. मॅट्रिकच्या चार मुलींनी विज्ञान सोडून शिवण घ्यावं. त्या दुष्ट नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तू गेलीस त्या दिवशी कार्यालयाचं दार लावून त्या रडल्या होत्या. पण मला तुझ्या त्या चौघी डोळ्यांसमोर आल्या. लीला तर कोळीवाड्यातून रोज दीड कोस चालत येते, आणि ती शिवण शिकायला चालत येत नाही.

"मी शिकवते," मी म्हटलं.

"कुसुमबाई, तुम्ही चित्रकलेच्या. मुलींच्या परीक्षेचा प्रश्न आहे."

"माझा एक पाठ बघा. मग काय ते ठरवा."

"एका पाठावरून काय कळणार?"

"तुम्हाला जे कळेल ते मी मान्य करेन."

त्यांनी मला चार दिवस दिले. तुझ्या वह्या तुझ्या भावाकडून आणल्या. तुझं अक्षर मला लागत होतं, विषय लागत नव्हता. काही पानं तीनतीनदा वाचली. सराव करताना एक पातळ काच फोडली आणि बोट कापलं. वडील आता थकलेत. ते अंगणातून बघत होते. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "तेव्हा तुला पाठवायला हवं होतं." एवढंच म्हणाले आणि मळ्यात गेले. मी हातातलं काम थांबवलं नाही, थांबवलं असतं तर पुढे जमलं नसतं.

पाठाच्या दिवशी आभाळ भरून आलेलं. खोलीत उजेडच नाही. मुलींनी टेबल उचलून व्हरांड्यात आणलं. मोठ्या बाई खुर्ची घेऊन बाजूला बसल्या. पान थेंबातून दोनदा निसटलं. शेवटी बसलं. आरसा फिरवला, चाक फिरवलं, आणि कण दिसले, चालताना. चौघींनी पाळीपाळीनं पाहिलं. त्यांतली सेसिल म्हणाली, "बाई, हे तर रांगेत जातात." मी कर्बग्रहण समजावलं, तुझ्याच शब्दांत, दुसरे शब्द माझ्याकडे नव्हते. बरं चाललं होतं.

तेवढ्यात लीलानं भांड्यातली काडी उचलून धरली. तिची खालची पानं पिवळी पडली होती. "बाई, पान पिवळं पडतं तेव्हा हे कण कुठे जातात?"

मला माहीत नव्हतं. तुझ्या वहीत नव्हतं, निदान मी वाचलेल्या पानांत तरी. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी ठोकून देता आलं असतं, मुलींनी ते लिहूनही घेतलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बघू या."

पिवळं पान थेंबात ठेवलं. बराच वेळ काही उमजेना. मग पेशींच्या भिंती दिसल्या, आणि कडेला कण. होते ते. पण थोडेच, आक्रसलेले, पिवळट. आणि हलत नव्हते. मी लीलाला बसवलं. तिनं पाहिलं आणि ती भिंगावरून डोळा काढेना. सेसिलनं वही काढून दोन्ही पानांची चित्रं शेजारी शेजारी काढायला घेतली, मी सांगितलं नसताना. मोठ्या बाई उठून आल्या. नको तो डोळा मिटून बघत होत्या, लीलानं त्यांना सांगितलं, "बाई, दुसरा." त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"हे थांबले कसे?"

"माहीत नाही, बाई. शोधावं लागेल."

त्या सरळ उभ्या राहिल्या आणि पदरानं चष्मा पुसला. "परीक्षेपर्यंत वर्ग चालू राहू दे. कॉलेजातल्या त्या सरांना आजच पत्र टाका, अडलं की विचारता येईल." मग मुलींकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या बाईंना माहीत नाही म्हणायला लाज वाटत नाही. तुम्हीही लाजू नका."

पत्र मी त्याच दिवशी टाकलं. उत्तर अजून यायचं आहे. तोवर आम्ही रोज एक पान बघतो, हिरवं, निम्मं पिवळं, पूर्ण पिवळं. सेसिलच्या चित्रांची आता रांग झाली आहे.

फिलू, पिवळ्या पानातले कण तू मला कधी दाखवले नव्हतेस. बहुतेक तूही कधी पाहिले नसशील. दाखवायला कुणी नसताना मी पाहिलेली ही पहिली गोष्ट. त्या संध्याकाळी घरी जाताना मला खूप रडू आलं आणि त्याच वेळी इतकं बरंही वाटत होतं की कुणाला सांगताच आलं नसतं.

मला सगळं येत नाही. मुलींच्या एक दिवस पुढे असते, तेवढंच. कधी अर्धाच दिवस. रसायनाचे धडे मला छळणार आहेत, हे दिसतंय. पण चौघी परीक्षेला बसतील आणि त्या विज्ञानातच बसतील. पुढच्या वर्षी सातवीतल्या मुलींनाही खोलीत घ्यायचं, असं मी ठरवलंय. मोठ्या बाईंना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन, आणि त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा सांगेन.

उद्या मुळांचा धडा आहे. मुळांत हिरवे कण का नसतात, असं लीला विचारणार, हे मला आत्ताच दिसतंय. तिच्या आधी मला ते समजून घ्यायला हवं. तुझ्या वहीची आठ पानं राहिली आहेत. वाचायला बसते.

तुझी,
कुसू